निकाल ९९.९५ टक्के, परताव्याचं नंतर बघू

१६ जुलै २०२१ ला राज्याचा दहावीचा निकाल लागला: ९९.९५ टक्के. निकाल बघायला इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळानंच मान टाकली. त्या दिवशी नापास झालेलं बहुधा तेवढंच.

कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती. नववीचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असं सूत्र ठरलं. त्यात नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही एप्रिल २०२० मध्ये रद्द झालेली. म्हणजे न झालेल्या परीक्षेचे निम्मे गुण अर्ध्याच परीक्षा झालेल्या वर्षातून आले. तरी ९५७ जणांना पैकीच्या पैकी!

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत तेव्हा वन-बीएचकेचा हॉल म्हणजे सकाळी शाळा, दुपारी ऑफिस. मोबाइल एक, भावंडं दोन. प्रमेय सुरू झालं की नेट जायचं आणि हजेरीला नेमकं परत यायचं.

अर्थशास्त्रज्ञ मात्र पेढे खाऊन गप्प बसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी-ऑस्ट्रियात जी मुलं दहा वर्षांची होती, त्यांची मिळकत चाळीस वर्षांनीही त्या तुटलेल्या शाळेपायी कमी भरत होती, असं इकिनो आणि विंटर-एब्मर यांनी २००४ मध्ये दाखवलं.

आपला उपाय सोपा: पाया कच्चा असेल तर वर मजला चढवायचा. बी.कॉम. झालं, नोकरी नाही? एमबीए करा. फी हप्त्यानं भरा.

त्या निकालानंतर बरोबर तीन वर्षांनी, १६ जुलै २०२४ ला, कलिन्यात विमानतळावरच्या हमालीच्या नोकऱ्यांसाठी हजारोंची रेटारेटी झाली. पात्रता दहावी पास, रांगेत पदवीधरही. त्याच वर्षी राज्यात पोलिसांच्या १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज आले. शिपायाला बारावी पुरते. अर्जदारांत इंजिनिअर होते, एमबीएही होते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात तर हिशेबच मांडलाय: २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४. निरक्षर हुशार निघाले असं नाही. बेकार बसणं त्यांना परवडत नाही, एवढंच.

तेव्हा पूनम सागरच्या पालकांनो, पुढच्या पदवीचा पहिला हप्ता भरण्याआधी चिरंजिवांना सहावीचं गणिताचं पुस्तक द्या. शेकडेवारीचा धडा सुटला, तरच चेक फाडा.