धुराचे ग्रेडर

यवतमाळ जिल्ह्यात बोट म्हणजे बेंबळ्याच्या जलाशयात जाळी टाकणाऱ्यांची. मुंबईचा समुद्र इथून सहाशे किलोमीटरांहून लांब. तरीही प्रत्येक मोठ्या गावात आरमारी युद्धाचा एक जाणकार निघतोच. आमच्या चौकातल्या जाणकारांना लोक ‘ॲडमिरल’ म्हणतात. त्यांनी या पदवीला कधी हरकत घेतलेली नाही.

नोकरीत असताना ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते, आणि तेही खवट. वरचा पांढराशुभ्र थर पाहून फसणारा माणूस नव्हे. बंडीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि तळाशी दडवलेला ओला कापूस, कवडी मूठभर उपसून मालकाच्या नाकासमोर धरायचे. मालकानं लेकराबाळांच्या शपथा घेतल्या तरी ग्रेड उतरायचीच. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम कृषी केंद्राच्या बाकावर हलला आणि हातात मोबाइल आला. हा हात मात्र फोटोच्या आत जात नाही.

फोटो आला की चष्मा कपाळावर जातो, दोन बोटांनी चित्र ताणलं जातं आणि पहिली तपासणी धुराची होते. काळा धूर म्हणजे तेलाची टाकी. पांढरा म्हणजे नेम चुकून पाण्यात. छत्रीसारखा वर पसरलेला असेल तर ‘एक नंबर माल’. धूर नसलेला फोटो त्यांच्या लेखी युद्धाचा नाहीच.

हा नाद १९७१च्या भारत-पाक युद्धापासूनचा. तेव्हा ते शाळकरी पोर होते. टुरिंग टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट लागायचा. शहरं पाहून झाल्यावर रीळ आमच्याकडे पोचेपर्यंत लढाई संपलेली असायची, पण टाळ्या ताज्या. त्या दिवशी पिक्चर कोणता होता ते ॲडमिरलना आठवत नाही. पडद्यावरची विमानवाहू विक्रांत आठवते.

त्यांची माहिती कच्ची आहे असं कुणी समजू नये. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका, बुडालेली पाकिस्तानी जहाजं खैबर आणि मुहाफिज, चार दिवसांनी विनाशनं पेटवलेल्या किमारीच्या तेलटाक्या, सगळं तोंडपाठ. पंचाईत एवढीच, की त्या रात्री कॅमेऱ्याला काही दिसण्यासारखंच नव्हतं. मिट्ट काळोख, डागणारा कित्येक किलोमीटर लांब, आणि लक्ष्य म्हणजे रडारवरचा ठिपका. खैबरवरच्यांना तर आपल्यावर विमानानं हल्ला केला असं वाटलं, तसा संदेशही त्यांनी धाडला. ज्यांचं जहाज बुडत होतं त्यांनाच मारणारा दिसला नाही, तिथं फोटो कोण काढणार? त्या युद्धाचा जगभर पोचलेला फोटो ढाक्यातला. पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करताहेत आणि मागे उभ्या असलेल्यांत आपले व्हाइस ॲडमिरल कृष्णनही आहेत. आमच्या ॲडमिरलना तो पसंत नाही. “टेबल हाये, कागद हाये. धूर कोठी हाये?”

त्याच युद्धात बुडालेल्या आपल्या खुकरीचा विषय निघाला की मात्र मोबाइल खिशात जातो. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक, आणि जहाज न सोडलेले कॅप्टन मुल्ला. हे ते न अडखळता सांगतात, नंतर चहा मागवतात.

२०२५च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि त्यांचं भाग्य फळफळलं. ८ तारखेच्या रात्री कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर नौदलानं उडवल्याचं सांगून टाकलं आणि फॉरवर्डांचा पाऊस पडला. सकाळी कृषी केंद्रावर कपाशीच्या बियाण्याची चौकशी करायला आलेले शेतकरी ताटकळले, कारण दुकानदारही ॲडमिरलच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. पडद्यावर भलामोठा आगीचा लोळ.

“पाह्य, राजेहो, कराची जळून राह्यली!”

गर्दीत एक ट्रॅक्टरवाला होता. त्यानं आगीकडे पाहिलंच नाही, रस्त्याकडे पाहिलं. “काका, या गाड्या उजव्या बाजूनं काहून चालून राह्यल्या? तिकडंबी आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालते म्हन्तात.”

“गावाले आग लागल्यावर तू साइड पाह्यशीन का बे?”

ट्रॅक्टरवाला गप्प झाला, पण ग्रेडिंग त्याचंच बरोबर होतं. तो लोळ अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा होता. जानेवारीच्या ३१ तारखेला तिथं एक छोटं रुग्णवाहक विमान कोसळलं होतं. दुसऱ्या एका फॉरवर्डमधली लढाई चक्क व्हिडिओ गेममधली निघाली. ११ मे रोजी नौदलाच्या व्हाइस ॲडमिरल प्रमोद यांनी पत्रकारांना सांगितलं, की आम्ही कराचीसह हवी ती लक्ष्यं हव्या त्या वेळी टिपायला सज्ज होतो. सज्ज होतो; टिपली असं नव्हे. ॲडमिरलनी यातलं फक्त ‘कराची’ ऐकलं. “म्या काय सांगलं होतं?”

त्याच साली डिसेंबरात नातवानं त्यांना नौदल दिनाला मुंबईत नेलं. गेटवेसमोर नांगरलेल्या युद्धनौकांवर दिव्यांची रोषणाई होती आणि गर्दीतला जो तो मोबाइल उंच धरून उभा होता. ॲडमिरल हाताची घडी घालून बराच वेळ पाहत राहिले. नातू म्हणाला, “आबा, फोटो काढा ना.”

“कायचा काढू? एवढी जहाजं उभी हायेत, अन् एकबी जळून नाही राह्यलं!”