साडेसतरा टक्क्यांची माणसं

१४ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बारापासून मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींना टोलमाफी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीत पेढे वाटले. काका डोंबिवलीचे, ऑफिस मुलुंडपलीकडे, मोटार स्वतःची आणि मोटारीत माणूस एक. आनंदनगर नाक्यावरचे ४५ रुपये वाचले होते. त्याच दुपारी विधानसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. काका म्हणाले, ‘‘योगायोग!’’ मी म्हणालो, ‘‘पेढा छान आहे.’’

टोल गेला, नाका राहिला. ट्रकांकडून वसुली चालूच आहे. काकांची मोटार आधी ४५ रुपये मोजून खोळंबायची, आता फुकट खोळंबते.

हा टोल मुळात मुंबईतल्या ५५ उड्डाणपुलांच्या खर्चासाठी बसवला होता. मोटारीकडून घ्यायचं आणि मोटारीच्याच पायाशी ठेवायचं. घरातल्या घरात आहेर! म्हणून एकदा मी भीतभीत विचारलं, ‘‘काका, माफी देण्यापेक्षा हेच ४५ रुपये बसला दिले असते तर?’’

‘‘बसला? मी कुठं बसने जातो?’’

मी लंडन काढलं. तिथं २००३ पासून शहराच्या मध्यात मोटार घालायची तर पैसे मोजावे लागतात आणि ते पैसे वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन आहे. न्यूयॉर्कने ५ जानेवारी २०२५ पासून दिवसाला ९ डॉलर लावले, तेही लोकल आणि बससाठी. काका हसले. ‘‘ती श्रीमंत माणसं. आपल्या सामान्य माणसाला परवडणार आहे का हे?’’ मोटारवाला म्हणजे सामान्य माणूस. मग सकाळी डोंबिवली फास्टच्या दारात एका पायावर लटकतो तो कोण, याचा मी अजून विचार करतोय.

आता थोडं गणित. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतली पेट्रोल मोटार घेतली की ११ टक्के वाहन कर भरायचा, तोही एकदाच. पुढं पंधरा वर्षं रस्ता आपलाच. एसटीच्या भाड्यावर मात्र प्रवासी कर साडेसतरा टक्के, तोही दर तिकिटाला. आज भरला, उद्या पुन्हा भरा, परवा भाचीच्या बारशाला निघालात की परत भरा. पालिकेच्या बसचा प्रवासीही सुटलेला नाही. त्याच्या तिकिटातून प्रवासी कर जातो, वर बालपोषण अधिभार जातो. मुलांचं पोषण व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते बसमध्ये उभ्या असलेल्यानेच का करायचं? काकांच्या मोटारीच्या मागच्या सीटवर तर चार मुलं बसतील एवढी जागा रोज रिकामी असते.

तेव्हा ‘वाहनांवर शुल्क लावून सार्वजनिक वाहतूक चालवा’ असं सांगणाऱ्यांनी कृपया आमच्याकडे येऊन शिकून जावं. आम्ही ते कधीच केलंय, फक्त उलट्या बाजूने. चाळीस जण एका गाडीत बसले की शुल्क. चाळीस जण चाळीस गाड्यांत बसले की माफी.

मध्यंतरी जानेवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एक विचार मांडला होता : पार्किंगची जागा दाखवा, मगच नव्या गाडीची नोंदणी. मंत्र्यांचा मतदारसंघ ओवळा-माजिवडा, म्हणजे घोडबंदर रोड दारातच. दुखणं घरचंच असल्यावर औषध सुचतं. काकांनी ती बातमी वाचली आणि तासाभरात आमच्या सोसायटीत एकाच झाडाखालची जागा तीन गाड्यांच्या नावावर लागली.

मेट्रो येईल तेव्हा सगळं सुटेल, असंही काका म्हणतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणात १८ डिसेंबर २०१८ ला झालं. त्या महिन्यात जन्मलेली मुलं आता शाळेत ‘मेट्रो’वर निबंध लिहितात.

माझी सरकारला नम्र सूचना अशी की माफीवर थांबू नये. ‘लाडकी मोटार’ योजना काढावी. कोंडीत काढलेल्या प्रत्येक तासाचे पैसे थेट खात्यात. मोटार एकट्याने चालवत असल्यास दुप्पट, कारण एकटेपणाही त्रासदायकच. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्नच नाही. साडेसतरा आहेत ना!

परवा काकांनी मला लिफ्ट दिली. शीळ रोडला काटईजवळ अडकलो. पाऊण तास झाला, एसी गार, गाणी जुनी. शेजारच्या रांगेत कल्याण-पनवेल एसटी उभी होती. खिडक्यांतून कोपर, पिशव्या, एक झोपलेलं बाळ. आतली दांड्याला धरून उभी माणसं मोजता येत नव्हती. काकांनी काच खाली केली, मान वळवून एसटीकडे नीट पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

‘‘बघा,’’ ते म्हणाले, ‘‘किती जागा अडवतात या बसेस!’’