समोरच्याचं म्हणणं

निवृत्तीनंतर माणूस चारधामला जातो, निदान शुगर तपासायला तरी जातो. आमचे जजसाहेब शिरूर विधानसभेला अपक्ष उभे राहिले.

"दाखले भक्कम आहेत," ते म्हणाले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला पुढे केंद्रात शिक्षणमंत्री झाले. कोळसे-पाटील १९९० साली उच्च न्यायालय सोडून चळवळीत उतरले. गंगोपाध्यायांनी मार्च २०२४ मध्ये कोलकात्याची खुर्ची सोडली अन् जूनमध्ये तमलूकचे खासदार झाले.

"आणि सुब्बाराव? सरन्यायाधीशपद सोडून १९६७ ला राष्ट्रपतिपदासाठी लढले नि पडले."

"तो दाखला इथं लागू नाही." निकाल लागलासुद्धा!

पेच क्षेत्राधिकाराचाही होता. जन्म शिरूरचा, सासुरवाडी दौंडची, मधून भीमा. अलीकडची मंडळी लोकसभेला शिरूरची, पलीकडची बारामतीची. तीन दिवस नकाशा पाहून साहेबांनी ठरवलं, सासुरवाडीवर आपला अधिकार चालत नाही. बाईंनी तो निर्णय जागेवरच कायम केला.

प्रचाराला जुना पट्टेवाला बरोबर. गावात शिरताच तो सवयीनं तीनदा पुकारा करी. म्हातारीकोतारी घाबरून दार लावून घेत. हार घालायला कुणी आलं की साहेब हात आडवा धरत, "प्रकरण प्रलंबित आहे."

न्हावऱ्याच्या पारावर एकानं विचारलं, "साहेब, चासकमानचं आवर्तन कधी सुटायचं?"

"पाटबंधारे खात्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

विरोधकाची सभा त्यांनी पुढच्या रांगेत बसून ऐकली, टिपणं काढली आणि आपल्या सभेत जाहीर केलं, "त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे." कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला.

वैध मतांचा सहावा हिस्साही पडला नाही. दहा हजारांची अनामत जप्त. जन्मभर लोकांचे जामीन जप्त करणाऱ्या साहेबांनी आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ बांधाचं भांडण घेऊन ओसरीवर हजर. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या, सातबारा पाहिला, दोघांना चहा पाजला. तोड निघाली. मग हळूच विचारलं, "मत कुणाला दिलंत?"

थोरला खाली बघत म्हणाला, "तुम्हाला नाही दिलं. तुम्ही आमदार झाला असता तर आमच्यातल्या एकाचे झाला असता. मग भांडण घेऊन जायचं कुणाकडं?"

साहेबांनी चष्मा पुसला.

"हा मुद्दा मतदानाआधी मांडायला हवा होतात."