वाट वाकडी करून

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळे त्यांना वाटवाकडे म्हणतात, आणि आता तर कुरिअरवालाही म्हणायला लागलाय. कारण साधं आहे. परगावी कोणाच्याही दारात उभे राहिले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खास तुमच्यासाठी वाट वाकडी करून आलो बरं का!"

वाटवाकडे बँकेतून निवृत्त झाले, त्यांनी एक सेकंडहँड वॅगन आर घेतली आणि महाराष्ट्रातल्या परिचितांचा सुखाचा काळ संपला. हॉटेलात उतरणं म्हणजे त्यांच्या मते ओळखीच्या माणसाचा अपमान. "पैशाचा प्रश्न नाही हो," ते म्हणतात, "पण आपण त्याच्या गावात हॉटेलात राहिलो हे त्याला कळलं तर काय वाटेल?" माझ्या अंदाजाने त्याला फार बरं वाटेल. पण हा अंदाज मी अजून बोलून दाखवलेला नाही.

आपल्या नकाशावर गावं असतात, त्यांच्या नकाशावर माणसं. वाई म्हणजे मावशींची नणंद. चिपळूण म्हणजे साडूंचे व्याही. सावंतवाडी म्हणजे बँकेतला जुना कॅशियर. कोल्हापूर म्हणजे 'ज्यांच्या मुलाला आपण स्थळ सुचवलं होतं ते'. ते स्थळ जमलं नाही. पण सुचवलं होतं की नाही? या सगळ्या माणसांना रेघेने जोडलं की वाटवाकड्यांची सहल तयार होते. या आठ-नऊशे किलोमीटरच्या फेरीत पाण्याच्या बाटलीवरसुद्धा खर्च होत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात या फेरीला मीही गेलो होतो. पेट्रोल निम्मंनिम्मं. पहाटे पाचला निघायचं, कारण 'कात्रजला एकदा अडकलं की दिवस गेला'. वाटवाकडे वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेतला होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापल्याची टिंग वाजली, तेव्हा वाटवाकड्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी तेच चालवत होते म्हणून एवढं सांगितलं.

खंबाटकीला त्यांचा मूड परत आला. त्या वेळी पुण्याकडे येणाऱ्यांना सरळ बोगदा होता आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट चढावा लागे. "बरोबरच आहे," वाटवाकडे म्हणाले. "पुण्याला येणाऱ्याची सोय केलीच पाहिजे. पुणं सोडून जाणाऱ्याला थोडा त्रास झालाच पाहिजे."

घाट उतरला की सुरूर फाटा येतो. तिथून उजवीकडे वाई आणि वाईच्या पुढे पसरणीचा घाट चढला की पाचगणी. या फाट्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, चष्मा पुसला आणि फोन लावला.

"सर, ओळखलंत का? नाही, नाही, पुण्याहून नाही. सुरूर फाट्याला आहोत. नाही हो, राहायचं कसलं, उभ्या उभ्या भेटून जाऊ. तिघं. आणि वहिनींना सांगा, स्वयंपाकाच्या फंदात अजिबात पडू नका."

फोन नेमका सुरूर फाट्यावरूनच का, हा त्यांचा खास अभ्यास आहे. पुण्याहून फोन केला तर समोरच्याला सुचायला वेळ मिळतो. मग नेमकं त्याच दिवशी त्यांच्या घरी कोणी तरी आजारी पडतं. वाईत पोचून केला तर घरात खरोखरच काही शिजलेलं नसतं. सुरूरहून पाचगणी पाऊण तासावर. पळून जायला वेळ कमी, कुकर लावायला पुरेसा. वाटेत वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, ते त्या कुकरच्या तीन शिट्ट्यांसाठी.

सर म्हणजे पाचगणीच्या एका निवासी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. कॉलेजात पहिल्या वर्षी ते आणि वाटवाकडे एका वर्गात होते. वर्गात शंभरावर मुलं होती, पण वाटवाकडे ओळख वाया घालवणाऱ्यांतले नाहीत. सिल्व्हर ओकच्या रांगेमागे सरांचं बसकं घर. फाटकात सर स्वेटर आणि कानटोपी घालून उभे. चेहरा असा, की पेपर तपासायला घेतलाय आणि पहिलंच उत्तर चुकलंय.

"वाट वाकडी करून आलो हं सर!"

"पसरणीच्या घाटातून आलात म्हणजे वाकडीच असणार," सर म्हणाले.

वाटवाकड्यांनी पिशवीतून अर्धा किलो बाकरवडी काढून दोन्ही हातांनी दिली. सत्यनारायणाचा प्रसादही कोणी इतक्या भक्तिभावाने देत नसेल. वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, 'कशाला हो' म्हटलं आणि पिठलं, बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, भात आणि वर तूप असं 'साधंच' जेवण वाढलं. मी दोनदा पिठलं घेतलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

उभ्या उभ्या आलेला माणूस पाचगणीत जेवणानंतर आडवा होतो. चारला उठून वाटवाकडे सरांना टेबललँड दाखवायला घेऊन गेले. सर तिथे तेहतीस वर्षं राहतात. जांभ्या दगडाचं ते अफाट पठार, वारा, तिथली घोडी. वाटवाकड्यांनी हात पसरून सांगितलं, "आशिया खंडातलं दुसऱ्या नंबरचं पठार म्हणतात याला, सर!"

"पहिलं कोणतं?" सरांनी विचारलं.

वाटवाकडे क्षणभर थांबले. "ते तिबेटात," ते म्हणाले. "तिथे आपलं कोणी नाही."

रात्री शेकोटीपाशी त्यांनी सरांना सरांच्याच गावाचा इतिहास शिकवला. जॉन चेसन नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकात पाचगणी वसवली. बाजूच्या महाबळेश्वरला आधी मालकम पेठ म्हणत. "पेठ!" वाटवाकड्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे पुण्याचीच एक राहून गेलेली पेठ ही!" मग मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्यात १८२९ साली करार कसा झाला, आणि महाबळेश्वरच्या बदल्यात साहेबाने छत्रपतींना खंडाळा गाव कसं दिलं, तेही आलं. हे खंडाळा लोणावळ्याजवळचं नव्हे. सकाळी आम्ही ज्याच्यावरून आलो ते, खंबाटकीच्या पायथ्याचं.

सर शांतपणे लाकडं सारत होते. म्हणाले, "साहेबाने निदान एक अख्खं गाव दिलं होतं."

बाकरवडीचा पुडा कोपऱ्यात स्टुलावर होता. सगळ्यांनी एकदम तिकडे पाहिलं. वाटवाकड्यांनी सोडून.

सकाळी निघताना सरांनी रीतीप्रमाणे स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या आणि जॅमची बाटली दिली. इथून पुढे या सहलीचं जे अर्थशास्त्र सुरू होतं ते बँकेत तीस वर्षं घासल्याशिवाय येत नाही. आंबेनळी घाट उतरून, पोलादपूरवरून आम्ही चिपळूणला पोचलो आणि पाचगणीचा जॅम साडूंच्या व्याह्यांच्या हाती गेला. व्याह्यांनी आमसुलं आणि कोकम सरबत दिलं. ते सावंतवाडीच्या कॅशियरकडे. कॅशियरने काजू दिले. ते कोल्हापूरला, न जमलेल्या स्थळाच्या घरी. कोल्हापूरकरांनी गुळाची ढेप दिली. ती साताऱ्याच्या आत्याबाईंना. आत्याबाईंनी किलोभर कंदी पेढे दिले आणि ते पेढे घेऊन वाटवाकडे पुण्यात परतले. अर्ध्या किलो बाकरवडीवर सहा दिवस, पाच मुक्काम आणि शेवटी नक्त एक किलो पेढे शिल्लक. स्ट्रॉबेरी दोन पेट्यांपैकी एक वाटेत खाल्ली. दुसरीचं काय झालं ते वहिनींनाच ठाऊक. पेट्रोलचं मात्र कोणी काही दिलं नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली.

आणि हो, सरांच्या न्हाणीघरात ते एक कागद चिकटवून आले होते: 'गरम पाण्याचा नळ डावीकडे आहे. उजवीकडचा फिरवून नंतर तक्रार करू नये.' घर दुसऱ्याचं, नळ दुसऱ्याचा, पण पाटी आपली. सरांनी तो कागद काढलेला नाही. पुढच्या पाहुण्यांना उपयोग होतो म्हणतात.

वाटवाकड्यांना मी कंजूष म्हणणार नाही. कंजूष माणूस घरात बसतो. हा माणूस हौशी आहे, कोणाच्या नातवाचं नाव विसरत नाही, आणि वर्षानुवर्षं कोणी न विचारलेल्या म्हाताऱ्या आत्याबाईंकडे तासभर बसून त्यांचे गुडघे ऐकून घेतो. फक्त हा रस्ता एका दिशेनेच चालू असतो, खंबाटकीच्या त्या बोगद्यासारखा. परगावचं कोणी पुण्याला यायचं म्हणालं, की वाटवाकड्यांच्या घरी गुरुवारी पाणी बंद असतं, शनिवारी पार्किंग नसतं आणि उरलेल्या दिवशी रंगकाम चालू असतं. दारावर 'बेल एकदाच वाजवावी' आहेच. एकदा वाजवलेली बेल त्यांना ऐकू येत नाही.

पाचगणीचा सीझन मे महिन्यात. गेल्या मेमध्ये सुरूर फाट्यावरून एका दिवसात चार फोन आले तेव्हा सरांनी घराला कुलूप लावलं आणि वहिनींना घेऊन खाली उतरले. आधी त्यांनी वाटवाकड्यांना फोन केला. गुरुवार होता. मग मला केला. "ओळखलंत का? नाही, नाही, पाचगणीहून नाही. कात्रजच्या बोगद्यापाशी आहोत." मी पिठलं दोनदा घेतलं होतं, काय बोलणार?

नऊ दिवस राहिले. यंदाही आलेत. तेव्हा पाचगणीला सरांकडे उतरायचा कोणाचा बेत असेल तर सुरूर फाट्यापर्यंत जाऊन पेट्रोल वाया घालवू नका. ते आमच्याकडे आहेत, दुसरा मजला, डावीकडचं दार.