मिठाच्या गावाला अळणी सल्ला

शिरोड्यात ‘मीठ कमी खा’ असं सांगायला छातीच लागते. मे 1930मध्ये इथल्या मिठागरांवर महाराष्ट्रभरातून सत्याग्रही जमले आणि मूठभर मिठापायी त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. त्याच गावात आता रक्तदाब मोजून झाला की दंडाचा पट्टा सोडता सोडता सांगतात, मीठ कमी करा. गोऱ्या साहेबाला कर लावूनही जे जमलं नाही, ते आता गोडीगुलाबीनं करायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरायचा नाही. आमच्याकडे सकाळच्या पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा आणि लोणच्याची फोड आली की निम्मा कोटा तिथंच संपत असावा. त्यात ताट वाढताना पहिला मान मिठाचा. बरं, सल्ला दिला जातो काकांना आणि मिठाचा डबा असतो काकूंच्या हाती. काका घरी येऊन सांगतात, “डॉक्टर म्हणालो, काय्येक नाय.”

रक्तदाबाच्या दुखण्याची खोड अशी, की ते दुखतच नाही. गुडघा कुरकुरला तर माणूस सावंतवाडी गाठेल, पण वाढलेला दाब गुपचूप बसतो. म्हणून गोळ्यांचं पहिलं पाकीट संपलं की हमखास प्रश्न येतो, “बरा वाटता, मगे गोळी कित्याक खावची?” प्रश्न बिनतोड आहे. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली, तर आकडा पुन्हा चढणार आणि चढलेला कळणारही नाही, हे एका दमात पटवणं कठीण.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम महाराष्ट्रात आला, तेव्हा सुरुवातीच्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा, वर्ध्याबरोबर आमचा सिंधुदुर्गही होता. त्यातली युक्ती मला फार आवडते, कारण ती उपदेशाची नाही, सोयीची आहे. मोजक्या औषधांची ठरलेली पायरी, महिन्याच्या गोळ्या एकदम, आकडे लिहायला एक कार्ड आणि पुढच्या गोळ्या शक्य तितक्या घराजवळच. चार गोळ्यांसाठी एसटीची वाट बघत अर्धा दिवस घालवायचा, तर माणूस गोळीच सोडतो. त्याला आळशी म्हणू नये, त्याचा हिशेब पक्का असतो.

कार्डाचा आणखी एक गुण कुणी योजलेला नसावा. 140/90च्या खाली कोण आलं, याची दुकानाच्या बाकावर चर्चा होते. मॅट्रिकच्या मार्कांइतकीच चुरस, फक्त इथं कमी मार्कवाला कॉलर ताठ करतो.

गावची आशा कार्यकर्ती, आमची आशाताई, येते आणि विचारते, “काकानू, गोळी घेतल्यात मा?” काका मान हलवायच्या आत आतून आवाज येतो, “तेंका इचारू नको गो, माका इचार!” माझ्या मते अर्धा इलाज या एका वाक्यात आहे. कारण पुढं चुलीपाशी जे घडतं, ते कुठल्या भिंतीपत्रकावर नसतं. खारा बांगडा पाणी बदलत भिजवला जातो. आमटीत एक आमसूल जास्त पडतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घातली की जीभ अशी झणझणते, की मिठाची चौकशी करायला तिला सवड राहत नाही. चव राखून मीठ काढायचं, तर ते काम इथली आंबट-तिखट चवच करू जाणे.

रक्तदाबाच्या पथ्यात आता राहिलं चालणं. शेजारच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा; म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. वाहायला येतात मात्र रिक्षानं. एका काकांना म्हटलं, दर्शनाला तरी चालत जावा. ते म्हणाले, “देव चलता मा आमच्यासाठी!” तेवढ्यात काकूंनी रिक्षा परत पाठवली होती.