एक-तीन-चार-दोन

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी दिसणार नाही असं जाहीर झालं आणि शहराला गहिवर आला. काल-परवापर्यंत मागच्या सीटवर कंबर धरून बोटं मोडणारी माणसं त्या टॅक्सीला टेकून फोटो काढायला लागली. मला गहिवरून चालणार नव्हतं. गिरगावातल्या आमच्या वाडीत, सार्वजनिक नळाशेजारी, माझी स्वतःची पद्मिनी उभी होती, आणि ती नुसतीच उभी होती.

आधी ती चालायची. वडिलांची गाडी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्म, मूळ घराणं इटलीच्या फियाट अकराशेचं, नाव चितोडच्या राणीचं आणि पोटात 1089 सीसीचं गरीब स्वभावाचं इंजिन. त्यात मेव्हण्याने कोइमतूरहून रेसच्या गाडीचा कॅमशाफ्ट आणला. "भाऊजी, हा टाका. पेडर रोडच्या चढावर बघा काय होतं ते." मेव्हण्याच्या सल्ल्याने शेअर घेऊ नयेत, एवढं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. कॅमशाफ्टबद्दल ते काही बोलले नव्हते.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला नळ सोडणारा माणूस. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे तो ठरवतो. रेसचा कॅम ते जास्त वेळ उघडे ठेवतो, म्हणून गाडी तारसप्तकात सुरेल गाते आणि खालच्या षड्जाला धापा टाकते. हे मला पुस्तकी माहीत होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी इंजिन खोललं, कॅम बसवला, चेन चढवली, चारही प्लगना ठिणगी वाटणारा डेल्को जागेवर ठेवला, प्लगच्या वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावल्या: एक, तीन, चार, दोन. सेल्फ मारला. कार्बोरेटरने आ वासून जाळ काढला आणि माझी डावी भुवई नेली.

"लवंगी की सुतळी?" वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं.

पुढचे आठ दिवस सल्ल्यांचे होते. तळमजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांनी कंडेन्सर गेल्याचं निदान केलं, दूधवाल्याने कॉइल. मी ऑपेरा हाउसला जाऊन दोन्ही आणले, वर पॉइंट आणि चार प्लगही. जुने काढताना लक्षात येत होतं की सगळे ठणठणीत आहेत. पण नवा माल खिशात असला की माणसाला जुन्यात खोट दिसतेच. नव्या सामानाने जाळ जास्त स्वच्छ निघाला, एवढाच फरक.

मग माझी नजर कॅमकडे गेली. परका माणूस घरात आला की चमचे मोजावेत तसं. चेनचं झाकण खोललं. कॅमच्या अंशांचं माप घ्यायला गोल चकती लागते. ती नव्हती म्हणून मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक पुलीवर चिकटवला. खुणा जुळलेल्याच होत्या. तरी खात्रीसाठी चेन काढली, पुन्हा चढवली, सिलिकॉनचा हात मारून झाकण बंद केलं. जाळ निघालाच.

"अहो," बायको म्हणाली, "लालबागच्या त्या मिस्त्रींना बोलवा. नाहीतर दुसरी भुवईसुद्धा काढून घ्या, निदान सारखं दिसेल."

मिस्त्री पूर्वी गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपानंतर साच्यांचा आवाज ऐकणारे कान त्यांनी मोटारींकडे वळवले. बसने आले, हातात एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर. बॉनेटमध्ये वाकून सगळं पाहिलं आणि एक नंबरचा प्लग काढला.

"साहेब, भोकावर अंगठा धरा. पोरांनो, टॉप गिअर टाकलाय, हळूहळू ढकला."

वाडीतल्या पोरांनी गाडी ढकलली. पुलीवरची खूण काट्याशी आली. अंगठा शांत.

"आता अजून."

गाडी आणखी थोडी सरकली आणि आतून हवेने माझा अंगठा उडवला. खूण पुन्हा काट्याशी येत होती.

"पुली दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा फिरतो. म्हणजे ही खूण दोनदा येते. एकदा खरी, एकदा खोटी. तुम्ही खोटीवर ठिणगी दिलीत. पिस्टन धूर बाहेर काढतोय, इनटेक उघडायला लागलाय, आणि तुम्ही वर काडी लावता." पुलीवरचा कोनमापक त्यांनी नखाने खरवडून माझ्या हातात दिला. "इंजिनाचा एक फेरा 720 अंशांचा. तुमच्याकडं माप 180 चं."

मला वाटलं आता डेल्को निघणार, दुपार जाणार. मिस्त्रींनी झाकणावरच्या चारच वायरी उपटल्या. एकची चारला, चारची एकला, दोनची तीनला, तीनची दोनला. अर्ध्या मिनिटाचं काम. सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. नळावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बँकवाले म्हणाले, "कंडेन्सर नवा घातला ना, म्हणून."

मिस्त्री मात्र हसले नाहीत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून उभे राहिले. डेल्को जरा पुढे फिरवला, जरा मागे.

"रेसचा कॅम लंगडतो, कबूल. पण हा पायच मोडल्यासारखा चालतोय. चेन एक दात मागे आहे." मग इंजिनाच्या पुढच्या अंगाला ओघळलेल्या ताज्या सिलिकॉनवर त्यांचं बोट थांबलं. "हे झाकण कुणी खोललं होतं?"

मी बँकवाल्यांकडे पाहिलं. ते नळाकडे पाहत होते.

"खोललं तेव्हा खुणा जुळत होत्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"अगदी बरोबर जुळत होत्या."

"मग काढली कशाला?"

एवढ्यात मुलगा शाळेतून आला. उद्या भूमितीची चाचणी होती आणि त्याला कोनमापक हवा होता. मी तो पँटला पुसून दिला. त्याने उजेडात धरून पाहिला; नव्वदच्या पुढचे आकडे ऑइलमध्ये गेले होते.

"बाबा, विशालकोन आला तर?"

"आधी इकडं बॅटरी धर," मिस्त्री त्याला म्हणाले आणि पाना घेऊन गाडीखाली सरकले.