अपग्रेड झालं, फायली राहिल्या

डेटाबेसचं अपग्रेड शनिवारी रात्रीच करायचं असतं, असा आमच्या धंद्यातला अलिखित धर्मनियम आहे. खरं तर कॅसँड्रासारखा डेटाबेस लोक घेतात तेच मुळी रात्री झोपता यावं म्हणून. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती तीन वेगळ्या नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेल्या असतात. एक नोड खाली घ्यायचा, नवं व्हर्जन टाकायचं, वर आणायचा, मग दुसरा. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. म्हणजे हे काम बुधवारी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर निवांत करता यायला हवं. तरी ते शनिवारी रात्रीच होतं, कारण मॅनेजर लोकांचा तीन प्रतींवर विश्वास नसतो. आमच्या जागरणावर असतो.

अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी हा डेटाबेस फेसबुकसाठी लिहिला, इनबॉक्समधले निरोप शोधता यावेत म्हणून. २००८ साली तो सगळ्यांना खुला झाला. शोधून देण्यासाठीच जन्माला आलेल्या या प्राण्याला स्वतःच्या जुन्या फायली मात्र फार पचत नाहीत, हे आम्हाला त्या शनिवारी कळणार होतं.

आम्ही होतो ३.११ वर, जायचं होतं ४.० वर. ४.० आलं जुलै २०२१ मध्ये. त्यानंतर आमच्याकडे निर्णय व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मग फॉर्म भरायचा. त्यात ‘रोलबॅक प्लॅन’ नावाचा एक रकाना असतो आणि तिथे सगळे जण वर्षानुवर्षं एकच वाक्य चिकटवतात : काही बिघडलं तर जुन्या व्हर्जनवर परत येऊ. हे वाक्य खोटं आहे. नवं व्हर्जन एकदा चालू झालं की ते आपल्या नव्या पद्धतीने फायली लिहायला लागतं, आणि त्या जुन्याला वाचता येत नाहीत. मग उरतो आधी काढून ठेवलेला स्नॅपशॉट. मधल्या वेळात आलेल्या नोंदींचं काय, हे त्या रकान्यात मावत नाही, म्हणून कोणी लिहीत नाही. मंजूर करणारा विचारतही नाही. त्याला रकाना भरलेला हवा असतो.

तर पहिला नोड खाली घेतला, ४.० टाकलं आणि चालू केलं. नोडने उठायलाच नकार दिला. लॉगमध्ये अतिशय सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं की वाचता न येणाऱ्या फायली सापडल्या आहेत. मधली आवश्यक व्हर्जनं पार करत, फायली नव्याने लिहून घेत आला आहात ना, तेवढं कृपया पाहा.

कॅसँड्राच्या डेटा फाइलच्या नावातच तिची पिढी लिहिलेली असते. ४.० ची असेल तर अक्षरजोडी ‘एन’ने सुरू होते, ३.११ ची असेल तर ‘एम’ने. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने फोल्डर उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘‘सर, ह्या सगळ्यात मोठ्या फाइलच्या नावात ‘केए’ आहे.’’

केए म्हणजे २.१. आजोबांचं खरेदीखत मोडीत असावं आणि तलाठ्याला फक्त देवनागरी यावी, तसा प्रकार. जमीन आहे, कागद आहे, भाषाही मराठीच, वाचणारा नाही. ३.११ ला मोडी येत होती. ४.० ने ती शिकण्याची तसदी घेतलेली नाही.

‘‘पण मागे आपण अपग्रेड केलं होतं ना?’’ कॉलवरून मॅनेजर. केलं होतं. व्हर्जन बदललं होतं, फायली कोणी हलवल्या नव्हत्या. नव्या व्हर्जनला जुनी फाइल वाचता येते, म्हणून सगळं सुरळीत चालतं, आणि चालणाऱ्या गोष्टीला हात लावायची आपल्याकडे पद्धत नाही. ज्याने ते अपग्रेड केलं होतं तो आता टोरांटोत असतो आणि लिंक्डइनवर ‘डेटा मॉडर्नायझेशन’ या विषयावर लिहितो.

पण एवढी वर्षं ती फाइल टिकली कशी? कॅसँड्रा लहान फायली एकत्र करून मोठ्या बनवत राहतो. त्या ओघात जुन्या आपोआप नव्या रूपात येतात. पण त्याच्या नेहमीच्या पद्धतीत साधारण सारख्या आकाराच्या चार फायली जमल्याशिवाय तो कामाला हात घालत नाही. आमच्या ह्या अवाढव्य फाइलला तिच्या तोलाच्या आणखी तीन कधी भेटल्याच नाहीत. बसली एकटी.

नशीब एवढंच की नकार काही लिहिण्याआधीच येतो. म्हणून ३.११ परत बसवलं आणि ‘अपग्रेडएसएसटेबल्स’ ही आज्ञा सोडली. ती जुन्या फायली नव्या रूपात लिहून काढते. किती वेगाने? ३.११ मध्ये मुळात घातलेली मर्यादा सेकंदाला १६ एमबी. एक टेराबाइट म्हणजे सतरा तासांहून जास्त, आणि तेही एका नोडचे. मॅनेजरने विचारलं, ‘‘फास्ट होणार नाही का?’’ मर्यादा वाढवली तर होतं. मग चालू असलेलं काम रखडतं आणि तोच मॅनेजर दुसऱ्या कॉलवर येऊन ‘स्लो का झालंय’ विचारतो.

त्यात डिस्क भरत आली. स्नॅपशॉट म्हणजे वेगळी प्रत नव्हे, त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव. म्हणून तो क्षणात होतो आणि जागाही खात नाही. पण मूळ फाइल पुसली तरी दुसऱ्या नावाने ती तिथेच ठाण मांडून राहते. नव्या फायलींना जागा हवी, जुन्या जागा सोडत नाहीत. शोधलं तर २.१ च्या काळातला एक स्नॅपशॉट निघाला, नाव ‘डू_नॉट_डिलीट’. पुसायचा का, म्हणून मेल फिरला. सगळ्यांनी एकमेकांना सीसी केलं. ‘पुसा’ असं लेखी कोणीच दिलं नाही.

पुढे फायली आवरल्यावर एकेक नोड ४.० वर नेताना एक डेव्हलपर आला. अर्धे नोड नवे, अर्धे जुने असताना टेबलच्या रचनेत बदल करायचे नाहीत, रिपेअर (प्रतींची आपसातली जुळवणी) चालवायचं नाही, हे त्याला सांगून झालं होतं. तो म्हणाला, ‘‘एकच तर कॉलम आहे.’’ मी त्याला चहाला घेऊन गेलो आणि क्लस्टर, म्हणजे हे सगळे नोड, पूर्ण होईपर्यंत रोज नेत राहिलो.

२०२४ मध्ये ५.० आलं. त्याच्या लेखकांनी ओळखलेलं दिसतंय की रोलबॅकचा रकाना कोणीच खरा भरत नाही. ते आता मुळातच ४ शी जुळवून घेण्याच्या सेटिंगमध्ये चालू होतं आणि तुम्ही सांगेपर्यंत जुन्याच पद्धतीने फायली लिहितं. सोय उत्तम आहे. ती सेटिंग बदलायची कोणालाही आठवण राहणार नाही, हेही तितकंच नक्की. तेव्हा तुमच्या ताब्यात असं क्लस्टर असेल तर कृपा करून आज एकदा डेटाचं फोल्डर उघडा आणि फायलींच्या नावातली ती दोन अक्षरं वाचा. शनिवारची वाट पाहू नका.